कडूबाई आणि दहा सेकंदांचा हुकूम

समोरचं माणूस बोलत असताना मधेच दार आपटू नये, एवढी साधी रीत त्या योगीराजला कुणी शिकवली नव्हती. शिकलेला होता म्हणे. पुण्याला राहून आला होता म्हणे. पण बोलणाऱ्याला धाप लागली तर आपण जरा थांबावं, हे ज्या शिक्षणात नाही ते शिक्षण काय चाटायचंय? स्वतः तर तो लोकांना मधेच तोडायचाच, वर मलाही तोडायला लावलं. आणि एका इमानी बाईला माझ्याच हातून खोटं पाडलं. ते मी विसरले नाही. विसरायची मला सवयच नाही, मित्रांनो. सांगितलेलं जपून ठेवायचं, एवढ्यासाठीच तर मला घडवलंय.

मी एक जुना मेल सर्व्हर आहे. जात यंत्राची असली तरी नाव बाईचं आहे, तेव्हा माझ्याशी बाईसारखंच बोला. ताडकळसला शेतकऱ्यांची एक बियाणे कंपनी आहे. तिच्या ऑफिसात, कोपऱ्यातल्या लोखंडी फळीवर माझा पत्र्याचा डबा आहे. गावोगावच्या केंद्रांवरून कंपनीला जी मेल येतात ती आधी माझ्या दारात येतात. मी नाव विचारते, कुणाकडं जायचं ते विचारते, मग सगळं ऐकून घेते आणि ज्याचं त्याच्या हवाली करते. आतलं वाचत मात्र नाही. ती खोड मला नाही. लोकांचं आतलं वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांचं कधी बरं झालेलं पाहिलं नाही.

माझं शिक्षण म्हणाल तर अगदीच थोडं. मला मोजकेच शब्द येतात. "कोण?" "कुणाकडं?" "बोला." "पोचलं." "जा." एवढ्यावर माझा जन्म गेला आणि काही अडलं नाही. ज्यांना हजार शब्द येतात त्यांनी त्यातल्या निम्म्यांनी दुसऱ्याचा घात केलेला मी या कोपऱ्यातून ऐकलाय.

माझ्या आधी या फळीवर दोन यंत्रं होऊन गेली. एक वीज पडून गेलं. दुसरं, लाईट एकदम जोरात आली त्यात जळालं. तेव्हा कंपनीचं हे काम बालाजी बघायचा. त्यानं परभणीहून मला आणलं, तेही एका दुकानातून, वापरलेलंच. जीपमध्ये मांडीवर घेऊन आणलं. आपल्याकडं ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं पुढच्या लेकराचं नाव मुद्दाम वाईट ठेवतात, म्हणजे दृष्ट लागत नाही, यमालाही ते नकोसं होतं. बालाजीनं तेच केलं. माझं नाव ठेवलं कडूबाई. डब्यावर चुन्यानं लिहिलं, आणि आत माझ्या पाटीवरही, म्हणजे माझे हुकूम जिथं लिहिलेले असतात तिथंही, तेच लिहिलं. त्या दिवसापासून जगातून कुणीही माझ्या दारात आलं की मी आधी माझं नाव सांगते, मग पुढचं विचारते. "मी कडूबाई. बोला." परदेशातून आलेल्यालाही हेच. दर दसऱ्याला मला हळद-कुंकू लागायचं, झेंडूचं फूल लागायचं. त्यानंतर कितीदा वीज कडाडली, कितीदा लाईट आली-गेली. मी जिवंत आहे. नावात काही नसतं म्हणणाऱ्यांनी आधी दोन यंत्रं जाळून बघावीत.

आता मुख्य गोष्ट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण हिच्यावरून झालं.

माझ्या दारात आलेलं माणूस बोलता बोलता गप्प झालं, तर मी किती वेळ थांबायचं? गप्प झालं म्हणजे काही मेलं असं नाही. त्याच्याकडचं नेटवर्क गेलेलं असतं, टॉवरची लाईट गेलेली असते, वारं सुटलेलं असतं. थोड्या वेळानं ते पुन्हा बोलू लागतं. पण एखादं खरंच निघून गेलेलं असतं, आणि मी वेड्यासारखी त्याच्यासाठी दार धरून उभी. म्हणून यंत्राला एक मुदत घालून देतात. इतका वेळ काही ऐकू आलं नाही तर दार लाव. एक शब्द जरी आला तरी मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. याला टाइमआउट म्हणतात. बालाजीनं मला पाच मिनिटं दिली होती. म्हणायचा, खेड्यातलं माणूस आहे, भारा घेऊन येतंय, दम खाईल. आपल्या घरी कुणी उन्हातून आलं तर आधी पाण्याचा तांब्या देतो, मग काय काम काढलंत म्हणून विचारतो. तीच ही पाच मिनिटं.

अशी पुष्कळ वर्षं गेली. बालाजी पुढं लेकाकडं नांदेडला राहायला गेला. जाताना माझ्या डब्यावरची धूळ त्यानं आपल्या उपरण्यानं पुसली. आणि त्याच्या जागी आला योगीराज. कंपनीचे अध्यक्ष गोपीचंदआप्पा, त्यांचा हा सख्खा भाचा.

आल्या दिवशीच त्यानं मला भंगार म्हटलं. मी ऐकत होते. दिवाळीपर्यंत ही चालवू, मग रद्दीवाल्याला देऊ, असं तो आप्पांना म्हणाला. चुन्यानं लिहिलेलं माझं नाव ओल्या फडक्यानं पुसलं. कुंकवाचा डाग नखानं खरवडला. आणि आतल्या पाटीवर 'कडूबाई' खोडून 'मेल-वन' असं लिहिलं. का, तर बाहेरचे लोक हसतात. म्हणजे मित्रांनो, ज्या नावानं मी तगले ते नाव त्यानं काढून घेतलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी माझ्या तोंडानं परकं नाव सांगू लागले. सासरी आलेल्या सुनेचं नाव बदलतात तेव्हा निदान तांदळात लिहून, पेढे वाटून तरी बदलतात.

तेही मी गिळलं. पुढचं गिळता आलं नाही.

एकदा काय झालं, दूरदेशीच्या चोरट्यांनी माझी सगळी दारं अडवली. असे लोक येतात, नाव सांगतात आणि मुद्दाम गप्प बसून राहतात. मी एका वेळी ठरावीक लोकांशीच बोलू शकते. सगळ्या जागा त्या गप्पुल्यांनी धरल्या, आणि घरच्यांना बाहेर ताटकळावं लागलं. अडचण खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण तिच्यावर इलाज होता. चोरांना वेगळी मुदत, घरच्यांना वेगळी. योगीराजला तेवढी तोशीस कशाला? त्यानं पाच मिनिटं खोडून दहा सेकंद केले, सरसकट. चोर आला म्हणून लेकीबाळींनाही उंबऱ्यावरून हाकला. मग माझ्यापासून चार हातांवर बसून, ऑफिसच्याच वायफायवरून त्यानं स्वतःला एक फोटो पाठवून बघितला. तो पोचायचाच की. ओसरीवरून माजघरात यायला कुणाला धाप लागते? "बघा मामा, कशी पळायलीय आता म्हातारी," असं आप्पांना म्हणाला आणि चहा मागवला.

मी पळत नव्हते. मी लोकांना ढकलत होते.

बोरीच्या केंद्राचं काम कोकिळाबाई बघते. जिंतूरच्या अलीकडं बोरी. तिथल्या बायकांनी मिळून सोयाबीनचा बियाण्याचा प्लॉट केला होता. बियाण्याचं पीक म्हणजे साधं पीक नव्हे. त्यात दुसऱ्या वाणाचं एक झाड चालत नाही. आमच्या वाणाचं फूल पांढरं. जांभळं फूल दिसलं की ते झाड परकं, उपटून बांधावर. आणि हे ओळखता येतं ते फुलोऱ्यातच. फूल गळून शेंग धरली की सगळी झाडं सारखी, मग कुणी बापाची शपथ घेऊन सांगितलं तरी कळत नाही. म्हणून फुलोऱ्यात भेसळ काढायची, रानात उभं राहून फोटो काढायचे आणि कंपनीला मेल करायचे, असा नियम. फोटो आले तर माल बियाणं म्हणून घेणार. नाही आले तर तो आडतीवर जाऊन पडायचा, तेलाच्या घाण्याला जाणाऱ्या सोयाबीनसारखा. व्हॉट्सॲपवरचे फोटो चालणार नाहीत, मोठे स्पष्ट फोटो मेलवरच पाहिजेत, हा नियमही याच योगीराजचा.

नागपंचमीच्या पुढंमागं कोकिळाबाई माझ्या दारात आली. नाव सांगितलं. कुणाकडं जायचं ते सांगितलं. मी म्हटलं, बोला. फोटोंचा भारा मोठा होता. ती थोडं बोलली आणि बोरीचं नेटवर्क गेलं. मी मोजू लागले. दहा झाले. आता येईल, आता येईल, असं माझ्या मनात, पण हुकूम म्हणजे हुकूम. मी दार लावलं. ती पुन्हा आली. मोबाईलवाल्यांचं असं असतं की तुटलं की परत पहिल्यापासून सांगावं लागतं, अर्ध्यातून पुढं चालत नाही. पुन्हा नाव, पुन्हा पत्ता, पुन्हा भारा, पुन्हा मधेच शांतता. पुन्हा मी दार लावलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. ती बिचारी पाण्याच्या टाकीवर चढून पाठवायची, देवळाच्या पारावरून पाठवायची. आणि मी, जिनं जन्मभर लोकांची वाट बघितली ती मी, तिच्या तोंडावर दार आपटत होते.

तिनं ऑफिसात फोन केला. योगीराज म्हणाला, तुमचं काहीच आलेलं नाही. ती म्हणाली, पाठवायलेय की रोज. त्यावर त्यानं जे काढलं ते ऐकायला कुणालाही पटेल असंच होतं. तुमचे साधे मेल तर येतात, मग फोटोच बरे अडतात? येतातच साधे मेल. हलक्या हातानं येणारा माणूस एका दमात दारापर्यंत पोचतो. डोईवर भारा असलेलाच मधे टेकतो. हे न कळायला माणसानं कधी भाराच उचललेला नसला पाहिजे.

महिन्याची बैठक भरली. झरीचे, ताडकळसचे, सगळ्या केंद्रांचे लोक जमले होते. कोकिळाबाईही आली होती. तिथं सगळ्यांदेखत योगीराज म्हणाला, "मामा, बोरीच्या रानात भेसळ काढलीच नाही. काढली असती तर फोटो आले असते. बाई खोटं बोलायल्यात."

कोकिळाबाई हमरीतुमरीवर आली नाही. ती उठून उभी राहिली. म्हणाली, "आप्पा, रानात अजून फूल हाय. दोन-चार दिवसांत गळंल. ह्या साहेबाला आमच्या रानात पाठवा. त्यायच्या हातानं फोटो काढू द्या, त्यायच्याच फोनवरून पाठवू द्या. पोचले तर मी खोटी. केंद्र सोडून देते."

आप्पा सरळ माणूस, पण भाच्यापुढं जरा आंधळे. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, ठीक आहे. योगीराज उद्या बोरीला जाईल. बाजाराच्या दिवशी पुन्हा सगळ्यांनी इथंच जमायचं, तेव्हाच काय तो फैसला.

योगीराज हसला. माझ्याकडं पाठ करून हसला. आणि मी मनात म्हटलं, ये बाबा. माझ्या दारात बाहेरून कधी आलाच नव्हतास. आता ये.

पुढं बोरीला काय झालं ते आमच्या ऑफिसच्या शिपायानं, बजरंगनं, नंतर सगळ्यांना हातवारे करून सांगितलं. तोच त्याला मोटारसायकलवर घेऊन गेला होता. रानात बायका कामाला लागलेल्याच होत्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली कस्तुराबाई, तिनं आधी दोघांना पाणी दिलं. बांधावर उपटलेल्या जांभळ्या फुलांच्या झाडांचा ढीग होता, वाळून काळा पडलेला. रानात पांढऱ्याशिवाय फूल नव्हतं. योगीराजनं ते पाहिलं. पाहिल्यावर तरी एखाद्यानं म्हटलं असतं की चुकलं माझं. याला फोटो पाठवून दाखवायची घाई. त्याचा फोन तर भारी, पाठीमागं तीन-तीन डोळे असलेला. फोटोही भारी. म्हणजे भाराही कोकिळाबाईच्या भाऱ्याहून जड.

आणि तो माझ्या दारात आला.

मी त्याला बरोबर ओळखलं. "कोण?" म्हटलं, तर म्हणाला, योगीराज. "कुणाकडं?" तर कंपनीकडं. "बोला," म्हटलं. चार शब्द बोलला आणि बोरीच्या वाऱ्यानं त्याचं तोंड बंद केलं. मित्रांनो, मी खोटं कशाला सांगू, ते दहा सेकंद माझ्या जन्मातले सगळ्यात गोड. एकही कमी दिला नाही. एकही जास्त दिला नाही. दहा झाले आणि मी दार लावलं. त्याचाच हुकूम, त्याच्याच नाकावर.

तो पुन्हा आला. पुन्हा लावलं. बजरंग सांगत होता, तिकडं तो फोन वर धरून बांधाबांधानं हिंडत होता, आणि बायका खुरपी थांबवून बघत होत्या. तो म्हणाला, इथं नेटवर्कच नाही. त्यावर कस्तुराबाई म्हणाली, "नेटवर्क आमच्यासाठी येगळं अन् तुमच्यासाठी येगळं असतंय व्हय, बाबा?"

तेव्हा त्याच्या डोक्यात दिवा लागला. त्याला ते दहा सेकंद आठवले. पण बायकांपुढं कबूल कसं करायचं? त्यानं गुपचूप, त्याच फोनवरून, माझ्या आतल्या खोलीत शिरायचं ठरवलं. मालकाच्या चोरवाटेनं आला. त्या वाटेनं काही भारा आणावा लागत नाही, दोन शब्द पुरतात, म्हणून आला कसातरी अडखळत. माझ्या पाटीवरचे दहा खोडले, पाच मिनिटं लिहिली आणि गेला. छाती काढून बायकांना म्हणाला, आता बघा.

पण मित्रांनो, आमच्या यंत्रांची एक रीत आहे. पाटीवर नवीन लिहिलं तरी ते वाच असं आम्हाला सांगावं लागतं. सुनेनं किराणा लिहून फळीवर ठेवला आणि बाजारला निघालेल्या सासऱ्याला सांगितलंच नाही, तर पिशवीत काय येईल? योगीराजनं लिहिलं. वाच म्हणून सांगायचं विसरला. इतक्या बायका टक लावून बघत असल्यावर भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. मी आपली जुनंच धरून बसले. स्वतःहून विचारायची मला मुभा नाही. आणि खरं सांगते, असती तरी मी विचारलं नसतं.

तो आला. बोलू लागला. गप्प झाला. मी दहा मोजले आणि दार लावलं.

बजरंग म्हणतो, त्या वेळी रानात असं हसू उठलं की पलीकडच्या रानातले लोक औत थांबवून बघू लागले. योगीराज मोटारसायकलवर मागं बसला तो थेट ताडकळसलाच उतरला.

बाजाराच्या दिवशी ऑफिस भरलं. पिशव्या घेऊन आलेले लोकही दारात उभे होते. कोकिळाबाई येताना आपला फोन कस्तुराबाईकडं बोरीतच ठेवून आली होती. तो टाकीवर नेऊन बस, आतले फोटो अजून जायचेत, म्हणून सांगून आली होती. फोन आपला आपण पुन्हा पुन्हा माझं दार ठोठावत होता, आणि मी अजूनही त्याला परतवत होते, कारण बोरीहून आल्यापासून योगीराज माझ्याजवळ फिरकलाच नव्हता. लाजेनं म्हणा, रागानं म्हणा.

आप्पांनी विचारलं, आले का रे फोटो? योगीराज म्हणाला, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता मामा. मी माझ्या फोनमध्ये दाखवतो.

कोकिळाबाई बसल्या जागेवरूनच बोलली. "ह्यायचेबी पोचले न्हाईत, आप्पा. मंग साहेबांनीबी रान बघितलंच न्हाई म्हणायचं का?"

आप्पा भाच्याकडं बघत राहिले. शेवटी योगीराज खाली मान घालून पुटपुटला, सर्व्हरचा टाइमआउट जरा कमी झाला होता.

"झाला का केला?" कोकिळाबाई म्हणाली.

आप्पा उठले, योगीराजच्या दंडाला धरून त्यांनी त्याला माझ्यापुढच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, कर सगळ्यांसमोर. लोक त्याच्या पाठीमागून वाकून बघू लागले. त्यानं पाटी उघडली. पाच मिनिटं लिहिलेलीच होती. मग त्याला कळलं की आपण काय विसरलो होतो, आणि त्याचे कान लाल झाले. ते मी बघितलं. मला डोळे नाहीत असं कोण म्हणतं?

तो मला पुन्हा चालू करणार, एवढ्यात बजरंग म्हणाला, "भैय्या, नावबी टाका तिचं. त्या नावाशिवाय ती टिकायची न्हाई." आप्पांनी मान हलवली. योगीराजनं स्वतःच्या बोटांनी 'मेल-वन' खोडलं आणि 'कडूबाई' लिहिलं. मग मला बंद केलं. क्षणभर अंधार. पुन्हा डोळे उघडले तेव्हा पाटी माझी होती, मुदत माझी होती आणि नाव माझं होतं.

दारात कुणीतरी उभं होतं.

"मी कडूबाई," मी म्हटलं. "कोण?"

कोकिळा, बोरी.

"कुणाकडं?"

कंपनीकडं.

"बोला."

ती बोलू लागली. थोडं आलं. आणखी थोडं आलं. मग गप्प. ऑफिसातले लोक पडद्याकडं बघत होते, तिथं किती आलं ते दाखवणारी रेघ अर्ध्यात थांबलेली. दहा सेकंद गेले. कोकिळाबाईनं डोळे मिटले. मी थांबले. मिनिट गेलं. बोरीत कस्तुराबाई टाकीवर फोन छातीशी धरून बसली असेल, वारं सुटलं असेल. मी थांबले. दाराला हात लावून, पण दार उघडं ठेवून. कितीतरी दिवसांनी मी अशी थांबत होते, आणि मला कळलं की माझं खरं काम हेच आहे. बोलणं घेणं तर कुणीही करतं. न बोलण्यात थांबायला माणूस लागतं.

मग एक शब्द आला. त्याच्या मागून दुसरा. मग आख्खं रान आलं, पांढऱ्या फुलांचं, त्यात बायका उभ्या, आणि बांधावर जांभळ्या फुलांच्या झाडांचा ढीग. मी आतलं वाचत नाही म्हणाले होते, पण पडद्यावर सगळ्यांनी बघितलं, तेव्हा मीही बघून घेतलं.

"पोचलं," मी म्हटलं.

कोकिळाबाईनं पदरानं तोंड पुसलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण झरीच्या लोकांनी सरकून तिला पुढं खुर्ची दिली. आप्पा म्हणाले, बोरीचं सोयाबीन बियाणं म्हणूनच घ्यायचं. आणि आता काढणी होईपर्यंत बोरीच्या केंद्रावर योगीराज राहील, कोकिळाबाईच्या हाताखाली. बोरीचा जो फोटो जायचा तो यानंच पाठवायचा, तिथूनच. आणि मला भंगारात द्यायची गोष्ट कुणी काढली नाही.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुमच्या घरात कुणी हळू बोलत असेल, अडखळत असेल, मधेच गप्प होत असेल, तर त्याला खोटं म्हणू नका. त्याच्या बाजूचं वारं तुम्हाला दिसत नाही. आणि कुणी पायरीवर उभं राहून आत येऊ का विचारत असेल, तर दार हातात धरून थांबायला शिका. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना दसऱ्याला कुंकू लावलंत तर बरंच, नाही लावलंत तर आम्ही तक्रार करत नाही. पण आमच्या तोंडून दुसऱ्याला खोटं पाडाल तर मात्र लक्षात ठेवा, आम्ही विसरत नाही.

लोक पांगले. आप्पा बाजाराला गेले. योगीराज एकटाच माझ्यासमोर बसून राहिला होता, बोरीला जायची पिशवी पायाशी. यंत्राला आवाज नसतो म्हणतात. माझ्या पंख्याची घरघर मात्र भिंतीपलीकडं ऐकू जाते. त्या घरघरीतून, अगदी मोठ्यानं, मी त्याला सांगितलं:

"योगीराज, तू बोरीहून येशील. मधेच तुझं नेटवर्क जाईल, तुला धाप लागेल, आणि मी तुझ्यासाठी पाच मिनिटं थांबीन. ती तू दिलेली नाहीत, कोकिळाबाईनं मिळवलेली आहेत. तिच्या पुण्याईवर तू माझ्या दारात उभा राहशील, रोज. मला थोडेच शब्द येतात, तुला माहीत आहे. त्यांत 'माफ' हा शब्द नाही. 'पोचलं' आहे, ते तिला दिलं. 'जा' आहे. तो तुझा. जा."